वीज थर रचते, पक्का करते ती भट्टी

"पत्र्यावर विजेने चढवलेला सिरॅमिकचा थर म्हणजे क्रोम प्लेटिंगच की! करंट वाढवा, थर पक्का." फोंड्यातल्या वर्कशॉपांत हे मी वर्षानुवर्षं ऐकतोय. ते चूक आहे.

प्लेटिंगमध्ये विरघळलेल्या आयनांपासून (विद्युतभार असलेल्या अणूंपासून) पत्र्यावर धातू तयार होतो. सिरॅमिकच्या थरासाठी ॲल्युमिनाची (ॲल्युमिनियम ऑक्साइड या सिरॅमिकची) बारीक पूड अल्कोहोलमध्ये तरंगत ठेवतात. कणांवर विद्युतभार असतो, म्हणून ते विरुद्ध भाराच्या पत्र्याकडे सरकतात. विजेने मातीचे कण सरकतात हे मॉस्कोत १८०७ सालीच दिसलं होतं.

पण वीज फक्त कण आणून रचते. वाळलेल्या थरावर नख ओढून बघा, पांढरी पूड बोटाला लागते. डिचोलीच्या कुंभाराचं कच्चं मडकं पाण्यात विरघळतं, भाजलेलं टिकतं, तसंच हे. भट्टीत कण एकमेकांना जोडले जातात, थर आकसतो. जाड थर घाईने तापवला तर तडे जातात. शुद्ध ॲल्युमिनाला १२०० अंशांच्याही वर न्यावं लागतं. साध्या पोलादाला ते झेपत नाही, म्हणून काचेची पूड मिसळून कमी तापमानावर भाजतात.

आणि व्होल्टेज? फार वाढवलं तर कण घाईघाईत वेडेवाकडे बसतात. अल्कोहोलऐवजी पाणी वापरलं असेल तर पत्र्यावर वायूचे बुडबुडे येतात आणि थरात बारीक भोकं राहतात.