आठ रुपयांचा शिपाई, पन्नास रुपयांचा फौजदार

पोलीस उपनिरीक्षकांची भरती निघाली की एक जुने भांडण हमखास वर येते. निम्म्या जागा स्पर्धा परीक्षेतून थेट येणाऱ्यांना, पाव खात्यांतर्गत परीक्षेला, उरलेल्या पाव सेवाज्येष्ठतेने चढणाऱ्यांना, हे प्रमाण बरोबर की चूक? वीस वर्षे बंदोबस्त केलेल्या हवालदाराला कालचा पदवीधर ‘साहेब’ म्हणून मिळतो, तेव्हा त्याच्या पोटात दुखणारच. पण ही रेघ आजच्या कुठल्या सरकारने ओढलेली नाही. ती ओढली गेली 1902-03 मध्ये.

जुलै 1902 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांनी पोलीस आयोग नेमला. अध्यक्ष होते सर अँड्र्यू फ्रेझर. अहवाल 1903 मध्ये तयार झाला, लोकांपुढे आला थेट 1905 मध्ये. तो एवढा काळ दाबून का ठेवला, हे वाचल्यावर कळते. तालीम अपुरी, रचना सदोष, देखरेख ढिली आणि लोकांच्या नजरेत हे खाते लाचखाऊ नि जुलमी, असे सरकारच्याच आयोगाने लिहून ठेवले होते. विरोधकांनी लिहिले असते तर राजद्रोह ठरला असता.

उपाय मात्र साहेबी डोक्यातून आले. आयोगाने खात्याची दोन भागांत विभागणी केली. शिपायाने पहारा द्यावा, कैदी पोचवावा, गस्त घालावी, हुकूम पाळावा. तपास हे त्याचे काम नव्हे. तपास करायचा तो सब-इन्स्पेक्टरने, म्हणजे आजच्या पोलीस उपनिरीक्षकाने (पीएसआय). हा माणूस शिपायांतून वर आलेला नको, शिकलेला आणि बऱ्या घरातला, थेट भरती केलेला हवा. शिपायांतून वर जाण्याची वाट अगदीच बंद केली नाही, पण अरुंद ठेवली. शिपायाचा पगार महिना किमान आठ रुपये, सब-इन्स्पेक्टरचा पन्नासपासून पुढे. मुंबई इलाख्याच्या जिल्ह्यांत ठाण्याच्या कामाची जबाबदारी ‘चीफ कॉन्स्टेबल’ सांभाळत असे. लोक त्याला फौजदार म्हणत. पद बदलले, पाटी बदलली, पण लोकांच्या तोंडी फौजदारच राहिला. गावाकडे पीएसआयला आजही तोच शब्द आहे.

या नव्या फौजदाराला घडवायला शाळा हवी होती. इलाख्याची पोलीस प्रशिक्षण शाळा 1906 मध्ये सुरू झाली आणि 1909 मध्ये नाशिकला आली. आजची महाराष्ट्र पोलीस अकादमी ती हीच. योगायोग असा की त्याच वर्षी 21 डिसेंबरला त्याच नाशकात, विजयानंद नाट्यगृहात, अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. प्रत्येक प्रांतात गुन्हे अन्वेषणाचा स्वतंत्र विभाग हवा, हीसुद्धा फ्रेझर आयोगाचीच शिफारस. चोर-दरोडेखोरांसाठी म्हणून मागितलेला तो विभाग लवकरच राजकीय माणसांच्या मागे लागला.

मुंबई शहराचे गणितच निराळे. 1861 चा पोलीस कायदा मुंबई इलाख्याने घेतला नव्हता. जिल्ह्यांसाठी 1890 चा आणि शहरासाठी 1902 चा, असे इथले कायदे वेगळे. फौजदारी प्रक्रियेची 1898 ची संहिताही शहर पोलिसांना सरसकट लागू नव्हती. शिपाई बहुतेक कोकणातला, त्यातही रत्नागिरीचा. गिरणीत त्याचाच भाऊ, त्याच्याच गावचा माणूस. जुलै 1908 मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि गिरण्या सहा दिवस बंद पडल्या, तेव्हा या शिपायाने काठी उगारायची ती आपल्याच आळीतल्या माणसावर. या हरताळाने पोलिसांचे सगळे ढिसाळपण उघडे पडले. 1909 मध्ये एस. एम. एडवर्ड्स कमिशनर झाले. या खुर्चीवर बसलेले ते इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधले (आयसीएस) पहिले अधिकारी. पोलीस ठाण्यांची नवी मांडणी आणि देशी सब-इन्स्पेक्टरांची नेमणूक शहरात त्यांच्या कारकिर्दीत झाली.

आता राहिले खेडे. एका ठाण्याखाली साधारण 150 चौरस मैल असावेत, असा आयोगाचा हिशेब होता. म्हणजे बारा मैल लांब, बारा मैल रुंद मुलूख, आणि त्यावर एक फौजदार नि मूठभर शिपाई. हे चालले कसे? वतनावर, म्हणजे पिढीजात गावकामावर चालले. गावात पोलीस पाटील होता, त्याला 1867 च्या ग्राम पोलीस कायद्याचा आधार होता. त्याच्या हाताखाली जागले, रामोशी, महार. रात्री घर फुटले की पाटील रपोट लिहून घेई आणि तो कागद घेऊन तालुक्याच्या ठाण्यावर पायपीट करी तो महार. पाऊस असो, नदीला पूर असो. फौजदार आला की घोड्याला वैरण-पाणी करायलाही त्यालाच हाक. यासाठी रोख पगार जवळपास नाहीच. थोडी इनाम जमीन आणि बलुत्याचे धान्य, तेही गावकऱ्यांच्या मर्जीवर. आठ रुपयांच्या शिपायावर आयोगांनी पाने भरली, पण या माणसाचे काम खात्याच्या खर्चात नीट दिसतच नाही. इंग्रजी अंमलाला पोलीस स्वस्तात पडला तो याच्या जोरावर, असे माझे मत आहे.

ही गोष्ट कायदे कौन्सिलात आणली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. 1928 मध्ये त्यांनी वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले. चोवीस तास सरकारचे काम करणाऱ्याला सरकारने मोबदला द्यावा, एवढी साधी मागणी. कौन्सिलात त्याला विरोध झाला आणि विधेयक पार पडले नाही. महारांसारख्यांची ही कनिष्ठ वतने कायद्याने रद्द व्हायला 1958 चा कायदा यावा लागला.