युद्धातलं खोटं आणि साक्षीची पत

ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मन सैन्य बेल्जियममधून पुढं सरकत होतं. दिनां या गावात एका दिवसात सहाशेहून अधिक नागरिक मारले गेले, लुवेन विद्यापीठाचं ग्रंथालय जाळलं गेलं. या घटना खऱ्या होत्या. मे १९१५ मध्ये ब्रिटनमधल्या लॉर्ड ब्राइस समितीनं या अत्याचारांवर अहवाल काढला, तेव्हा मात्र खऱ्या प्रसंगांच्या शेजारी ऐकीव आणि भडक कहाण्याही जाऊन बसल्या. साक्षीदारांना शपथ दिलेली नव्हती, त्यांची नावंही छापलेली नव्हती. १९१७ मध्ये तर जर्मन आपल्याच मृत सैनिकांची चरबी काढून वापरतात, अशी बातमी लंडनच्या वृत्तपत्रांत झळकली. १९२५ मध्ये परराष्ट्रमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी जर्मनीनं केलेला तिचा इन्कार ब्रिटिश सरकारच्या वतीनं मान्य केला.

माध्यमांवरचा विश्वास आणि युद्धातली जबाबदारी हा विषय हल्ली बहुधा समाजमाध्यमांपासून सुरू होतो. मला तो इथून सुरू करावासा वाटतो, कारण या खोट्याची किंमत ते बोलणाऱ्यांनी मोजली नाही. पहिल्या युद्धात फसलेले वाचक पुढच्या युद्धात सावध झाले आणि ती सावधगिरी नको तिथे आडवी आली. नाझी करत असलेल्या ज्यूंच्या सामूहिक हत्येच्या बातम्या १९४२ पासून बाहेर येत होत्या. अनेक संपादकांनी त्या आतल्या पानावर ढकलल्या. पोलंडच्या भूमिगत चळवळीचा दूत यान कार्स्की १९४३ मध्ये वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश फेलिक्स फ्रँकफर्टर यांना भेटला. वॉर्सॉच्या घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, आपण काय पाहिलं ते त्यानं सांगितलं. फ्रँकफर्टर स्वतः ज्यू होते. हा तरुण खोटं बोलतोय असं ते म्हणाले नाहीत. आपल्याला विश्वास ठेवता येत नाही, एवढंच म्हणाले.

युद्धानंतर न्यूरेंबर्गमध्ये नाझी नेत्यांवर चाललेल्या खटल्यात शब्दांचाही हिशेब मांडला गेला. ज्यूद्वेषी साप्ताहिकाचा प्रकाशक युलियस श्ट्रायखर याला फाशी झाली. रेडिओवरचा प्रमुख आवाज हान्स फ्रिट्शे मात्र सुटला. त्यानं खोट्या बातम्या दिल्या होत्या, पण त्या खोट्या आहेत हे त्याला ठाऊक होतं, असं सिद्ध झालं नाही. १९४८ च्या वंशसंहारविरोधी करारानं थेट आणि जाहीर चिथावणी हा स्वतंत्र गुन्हा ठरवला. १९६६ च्या नागरी व राजकीय हक्कांच्या करारानं युद्धप्रचारावर कायद्यानं बंदी घालायला सांगितलं. अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं कारण देत काही देशांनी ते कलम मान्य केलं नाही.

या कलमांची खरी परीक्षा रवांडात झाली. आरटीएलएम हे रेडिओ केंद्र जुलै १९९३ मध्ये सुरू झालं. लोकप्रिय गाणी, मोकळ्या गप्पा, श्रोत्यांचे फोन यांमुळे लोकांना ते आपलं वाटलं, आणि विश्वास बसल्यावर त्याच आवाजात तुत्सी या अल्पसंख्य समाजाला झुरळं म्हटलं जाऊ लागलं. एप्रिल १९९४ मध्ये कत्तली सुरू झाल्या, तेव्हा निवेदक माणसांची नावं आणि लपण्याच्या जागा वाचून दाखवत होते. हे प्रसारण विमानातून जॅम करावं, असा विचार अमेरिकेत झाला. ताशी सुमारे ८,५०० डॉलर खर्च, कायद्याची अडचण आणि उपयोगाबद्दल शंका, अशी कारणं देऊन तो बाजूला ठेवण्यात आला. हा आकडा वाचून मी आजही थबकतो.

टांझानियातल्या आरुशा इथं रवांडासाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानं डिसेंबर २००३ मध्ये आरटीएलएमचे एक संस्थापक फर्दिनां नाहिमाना यांच्यासह तिघांना दोषी ठरवलं. २००७ मध्ये अपिलात नाहिमाना यांची जन्मठेप ३० वर्षांवर आली आणि दोष ६ एप्रिल १९९४ नंतरच्या प्रसारणापुरताच राहिला. अनेकांना हे अपुरं वाटलं. मला ही मर्यादा पटते. ती सैल झाली, तर नावडत्या बातमीदारावर चिथावणीचा शिक्का मारायला कोणत्याही सरकारला फार वेळ लागणार नाही.

बातमीदाराला साक्षीला ओढायचं का, हा प्रश्न याच काळात हेगमधल्या, पूर्वीच्या युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठीच्या न्यायाधिकरणापुढे आला. 'वॉशिंग्टन पोस्ट'चे जोनाथन रँडल यांना बोस्नियातल्या एका मुलाखतीबद्दल साक्ष देण्याचा आदेश निघाला होता. डिसेंबर २००२ मध्ये अपील पीठानं तो रद्द केला. पुरावा कळीचा असेल आणि दुसरीकडून मिळण्यासारखा नसेल, तरच युद्धवार्ताहरावर सक्ती करता येईल, असं पीठानं म्हटलं. बातमीदार फिर्यादी पक्षाचा माणूस आहे असं एकदा वाटलं, की त्याच्याशी कुणी बोलत नाही, आणि आघाडीवर त्याच्या जिवालाही धोका होतो.

पुढं साक्ष फोनच्या कॅमेऱ्यातून येऊ लागली. ऑगस्ट २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं लिबियातला लष्करी कमांडर महमूद अल-वेर्फली याच्याविरुद्ध काढलेलं अटक वॉरंट मुख्यतः समाजमाध्यमांवर आलेल्या हत्यांच्या व्हिडिओंवर उभं होतं. त्याच वर्षी यूट्यूबच्या स्वयंचलित यंत्रणेनं दहशतवादी मजकूर गाळताना सीरियातल्या अत्याचारांचे हजारो व्हिडिओही काढून टाकले. त्यांतले काही परत आले.

असा पुरावा कसा गोळा करायचा, मूळ फाइल बदललेली नाही हे कसं दाखवायचं, याची नियमावली संयुक्त राष्ट्रांचं मानवाधिकार कार्यालय आणि बर्कली विद्यापीठानं मिळून डिसेंबर २०२० मध्ये मांडली. तिला बर्कली प्रोटोकॉल म्हणतात. ती तपास करणाऱ्यांसाठी आहे. काढून टाकलेला मजकूर कंपन्यांनी न्यायालयासाठी जपून ठेवलाच पाहिजे, असं बंधन ती घालू शकत नाही. वेर्फली मार्च २०२१ मध्ये बेनगाझीत गोळ्या लागून मेला. त्याच्यावरचा खटला कधी उभाच राहिला नाही.