पांढरी : मराठवाड्यातील प्राचीन नगरस्थळे व त्यांचे जतन

पांढरी म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचे टेकाड. पिकाच्या काळ्या जमिनीपासून ते रंगानेच वेगळे दिसते. पडलेल्या भिंतींची माती, चुलीची राख, शेण, खापरे आणि विटा यांचे थर शतकानुशतके एकाच जागी साचून ते उंचावत जाते. मराठवाड्यातील पैठण, तेर व भोकरदन ही प्राचीन नगरे अशा पांढरीत गाडलेली असून त्यांच्यावर किंवा त्यांना लागून आजची गावे नांदत आहेत. येथील पुरातत्त्वीय वारशाचे व्यवस्थापन मुख्यतः राहत्या गावठाणाखालच्या जमिनीचे व्यवस्थापन आहे. लेणी व गिरिदुर्ग यांचा विचार प्रस्तुत नोंदीत केलेला नाही.

कोणत्या टेकाडाकडे आधी लक्ष गेले हे बऱ्याच अंशी स्थलनिश्चितीवर, म्हणजे जुन्या ग्रंथांतील नगर आजचे कोणते गाव हे ठरविण्यावर, अवलंबून होते. याचे ठळक उदाहरण तगर नगराचे. ‘पेरिप्लस ऑफ द इरिथ्रियन सी’ या ग्रीक प्रवासवृत्तात बॅरिगाझापासून (भडोच) दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे मोठे नगर असल्याचे म्हटले आहे. पैठणहून मौल्यवान खडे आणि तगरहून जाडेभरडे कापड व तलम वस्त्रे गाड्यांवर लादून भडोचला येत. या वृत्ताचा काळ सामान्यतः इ. स. पहिल्या शतकाच्या मध्याच्या आसपास मानतात. तो तिसऱ्या शतकात नेणाऱ्या मताला आता फारसा पाठिंबा उरलेला नाही. तगर कोठे, याविषयी एकोणिसाव्या शतकात बरीच मते मांडली गेली. विल्फर्ड यांनी देवगिरी सुचविले, भगवानलाल इंद्रजी यांनी जुन्नर, रा. गो. भांडारकर यांनी धारूर, तर जे. एफ. फ्लीट यांनी प्रारंभी कोल्हापूर. पुढे १९०१ मध्ये फ्लीट यांनीच आपले आधीचे मत सोडून धाराशिव जिल्ह्यातील तेरणाकाठच्या तेरचा पक्ष घेतला.

अंतरांचा विचार केला तर हा पक्ष सबळ ठरतो. भडोच ते पैठण सरळ रेषेत सुमारे ३५० किमी. आहे, पैठण ते तेर सुमारे १५० किमी. म्हणजे दोन्ही टप्प्यांत दिवसाची मजल १५ ते १८ किमी. येते, आणि लादलेल्या बैलगाड्यांना ती शोभण्याजोगी आहे. देवगिरी पैठणपासून जेमतेम ५० किमी. उत्तरेस, जुन्नर पश्चिमेस, कोल्हापूर दूर नैर्ऋत्येस. धारूरची दिशा व अंतर ओढूनताणून जुळविता येते, परंतु तेरइतके विस्तीर्ण सातवाहनकालीन अवशेष तेथे नोंदलेले नाहीत. तेर पैठणच्या नेमके पूर्वेस नसून आग्नेयेस आहे, हा आक्षेप राहतो. तथापि प्राचीन प्रवासवृत्तांतील दिशा ढोबळच असतात. शिलाहार राजे पुढे कित्येक शतके स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ (श्रेष्ठ तगर नगराचे स्वामी) म्हणवीत, त्यावरून या नगराची कीर्ती त्याच्या भरभराटीनंतरही टिकून होती असे दिसते. आता बहुतेक अभ्यासक तेर हेच तगर मानतात आणि उत्खननांनी हे मत बळकट केले आहे. मणी, शंखाच्या बांगड्या, केओलिनच्या (पांढऱ्या चिकणमातीच्या) मूर्ती, रोमन धाटणीच्या वस्तू, हस्तिदंती स्त्रीप्रतिमा आणि विटांच्या स्तूपाचे अवशेष तेथे मिळाले. तेथील त्रिविक्रम मंदिर विटांचे व गजपृष्ठाकृती (हत्तीच्या पाठीसारख्या आकाराचे) आहे. ते मूळचे बौद्ध चैत्यगृह असावे, या पुरातत्त्वज्ञ हेन्री कझिन्स यांच्या मताला बरीच मान्यता असली तरी त्याच्या नेमक्या काळाविषयी एकमत नाही. मंदिरात पूजाअर्चा चालू आहे. गोरोबाकाकांच्या समाधीमुळे गावात वारकऱ्यांचा राबता असतो. त्यामुळे येथे कुंपण घालून माणसांना दूर ठेवण्याचा मार्ग कधीच व्यवहार्य नव्हता.

पांढरीची सर्वांत मोठी झीज पांढरीच्या मातीच्या उपयोगामुळेच झाली. माळवदाच्या घरांवर पावसाळ्यापूर्वी ही माती पसरीत. क्षारयुक्त असल्याने ती पाणी धरीत नाही आणि तिच्यात गवतही कमी उगवते. शेतकरी हीच राखमिश्रित माती खत म्हणून शेतात टाकीत. टेकाडाचे कडे वर्षानुवर्षे असे कापले गेले. सातवाहन काळच्या मोठ्या, पुष्कळदा ४० सेंमी.हून लांब विटा उकरून वाड्यांच्या भिंतींत बसविल्या गेल्या. यात गावकऱ्यांना दोष देणे अन्यायाचे होईल, कारण ही माती गावाच्या नित्य गरजेची होती आणि तिच्यातील थर वाचायला कोणी शिकविले नव्हते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर चित्र बदलले. दगडमातीच्या जाड भिंती व जड माळवदे यांखाली हजारो माणसे दगावली, म्हणून लोक सिमेंट काँक्रीटच्या घरांकडे वळले. मातीची मागणी घटली. मात्र कॉलमसाठी खोल खड्डे घ्यावे लागतात आणि ते वरच्या थरांना भेदून प्राचीन वस्तीपर्यंत पोहोचतात. शौचखड्डे व बोअर यांनीही तेच होते. मातीचा उपसा डोळ्यांना दिसत असे. घराचा पाया खोदताना काय तुटले हे मात्र पाया भरल्यावर कोणालाच कळत नाही, म्हणून हे नुकसान अधिक चिंतेचे वाटते.

कायद्याची चौकट मराठवाड्यात उर्वरित महाराष्ट्राहून वेगळ्या वाटेने आली. ब्रिटिश हिंदुस्थानात १९०४ चा प्राचीन स्मारक कायदा होता. निजामाच्या राज्यात १९१४ मध्ये स्वतंत्र पुरातत्त्व खाते निघाले आणि गुलाम याझदानी त्याचे पहिले संचालक झाले. पैठणचे प्रारंभीचे उत्खनन याच खात्याने १९३० च्या दशकात केले. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. केंद्राचा १९५८ चा आणि राज्याचा १९६० चा असे दोन कायदे आज लागू आहेत. केंद्रीय कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्थळाच्या हद्दीपासून १०० मी. प्रतिबंधित व त्यापुढे २०० मी. नियंत्रित क्षेत्र असते. ही तरतूद एकट्या उभ्या वास्तूला बरी लागू पडते. नगरस्थळाच्या बाबतीत तिचे दोन परिणाम होतात. संरक्षित तुकड्याशेजारच्या कुटुंबाला नवी खोलीही बांधता येत नाही, आणि तुकड्यापासून दूर, परंतु त्याच प्राचीन नगरावर उभ्या असलेल्या घराला कसलीच अट लागत नाही. हद्द प्राचीन वस्तीच्या खऱ्या विस्तारावरून आखली गेली आणि तिची नोंद सातबारा व सिटी सर्व्हेच्या उताऱ्यांवर झाली, तरच बांधकाम परवान्याच्या वेळी ती कामी येते.

सुट्या वस्तूंची हकीकत निराळी आहे. पावसाने टेकाडाचा उतार धुतला की मणी, नाणी व मृण्मूर्ती वर येतात. १८७८ च्या निखात निधी (पुरलेले धन) अधिनियमानुसार जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक किमतीच्या निधीची खबर जिल्हाधिकाऱ्यास देणे बंधनकारक आहे. प्रत्यक्षात अशा वस्तू पुष्कळदा घरात राहतात किंवा विकल्या जातात. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे आणि पैठणचे बाळासाहेब पाटील यांनी असंख्य वस्तू जमवून गावातच राखल्या. त्यांच्या संग्रहांतून उभी राहिलेली शासकीय वस्तुसंग्रहालये त्यांचीच नावे धारण करतात. या वस्तू कोणत्या थरातून आल्या हे कळत नसल्याने काळ ठरविताना मर्यादा येतात. तरीही या दोघांच्या चिकाटीवाचून तेर-पैठणच्या मृण्मूर्तिकलेचा अभ्यास फारच तोकडा राहिला असता.

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) हे तुलनेने अर्वाचीन, मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी येथे वसविलेले नगर. तेथे पांढरीची जागा नहरींनी (भूमिगत जलवाहिन्यांनी) घेतली आहे. डोंगरपायथ्याचे पाणी जमिनीखालून शहरात आणणारी नहर-ए-अंबरी ही सतराव्या शतकाच्या प्रारंभीची योजना. रस्त्याचे खोदकाम, बोअर आणि गटारे यांमुळे ती जागोजाग तुटली. शहराचे दरवाजे दिसतात म्हणून त्यांची डागडुजी होते. नहरीचा मार्ग मालमत्तांच्या नकाशांवर उतरविण्याचे काम त्याहून निकडीचे आहे.

भोकरदन (प्राचीन भोगवर्धन) येथील दात्यांचा उल्लेख सांची व भारहूत येथील लेखांत येतो. १९७३ च्या सुमारास तेथे उत्खनन झाले आणि तेरप्रमाणेच हस्तिदंती स्त्रीप्रतिमा मिळाली. इटलीतील पाँपेई या प्राचीन रोमन नगरात सापडलेल्या भारतीय हस्तिदंती प्रतिमेशी या दोहोंची तुलना केली जाते. नांदेड जिल्ह्यातील कंधार येथे राष्ट्रकूटकालीन अवशेष विखुरलेले असून प्रचंड क्षेत्रपाल मूर्तीचे भग्न भाग त्यांत विशेष उल्लेखनीय आहेत.