आग विझवणाऱ्या वायूकडून ऑक्सिजन

कार्बन डायऑक्साइड आग विझवतो, हे खरं. पण पेटलेली मॅग्नेशियमची पट्टी या वायूत धरली, तर ती जळतच राहते. मागे उरलेल्या पांढऱ्या भुकटीत काळे ठिपके दिसतात. तो कार्बन. मॅग्नेशियमने कार्बन डायऑक्साइडकडचा ऑक्सिजन ओरबाडून घेतलेला असतो.

हायड्रोकार्बनांच्या, म्हणजे फक्त कार्बन आणि हायड्रोजन असलेल्या संयुगांच्या, अंगी एवढा जोर नाही. हा ऑक्सिजन घ्यायला त्यांना धातूच्या उत्प्रेरकाची, म्हणजे स्वतः न संपता क्रिया घडवून आणणाऱ्या पदार्थाची, मध्यस्थी लागते. इथेनचंच पाहू. त्यातले दोन हायड्रोजन काढले की प्लास्टिक उद्योगाचा कच्चा माल असलेलं इथिलीन मिळतं. आज त्यासाठी इथेन वाफेबरोबर ८०० अंश सेल्सियसच्या वर तापवतात. त्याऐवजी हवेतला ऑक्सिजन वापरता येईल, पण त्याला कुठे थांबायचं ते कळत नाही: तयार झालेलं इथिलीनही तो जाळून टाकतो. कार्बन डायऑक्साइड मात्र सौम्य. तो एक ऑक्सिजन देतो आणि स्वतः कार्बन मोनॉक्साइड होतो. हायड्रोजन पाणी होऊन निघून जातो.

ही देवघेव कशी होते, ते सिरियम या धातूच्या ऑक्साइडवर छान दिसतं. इथेनमधला हायड्रोजन पृष्ठभागावरचा ऑक्सिजन घेऊन जातो आणि तिथे रिकामी जागा पडते. कार्बन डायऑक्साइडचा रेणू तिथे येऊन आपला ऑक्सिजन ठेवतो. म्हणजे इथेन आणि कार्बन डायऑक्साइड यांची थेट गाठ पडलीच पाहिजे असं नाही! नेदरलँड्सच्या मार्स आणि व्हान क्रेव्हेलेन यांनी १९५४ मध्ये ऑक्साइडांसाठी मांडलेलं चित्र ते हेच. सगळेच उत्प्रेरक असे वागत नाहीत. काहींवर हायड्रोजन आधी सुटा होतो आणि मग कार्बन डायऑक्साइडशी क्रिया करतो.

सिरियम ऑक्साइडवर बसवलेल्या निकेल-लोह मिश्रणात निकेल जास्त असेल, तर इथेनमधला कार्बन-कार्बन बंध तुटतो आणि कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन मिळतात. लोह वाढवलं की तो बंध टिकतो आणि इथिलीन हाती येतं. धातू तेच, नुसतं प्रमाण बदललं! मला या सगळ्या विषयातली ही सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

निकेल स्वस्त, म्हणून मिथेनसाठीही त्याचीच निवड होते. मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या क्रियेतूनही कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन मिळतात; जर्मन रसायनशास्त्रज्ञ फिशर आणि ट्रॉप्श यांनी १९२८ मध्येच तिचा अभ्यास केला होता. अडचण अशी की निकेलवर कार्बन साचतो, त्याचे तंतू वाढतात आणि उत्प्रेरक निकामी होतो.

दुसरी अडचण उष्णतेची. एक मोल (रेणूंची ठरावीक संख्या मोजण्याचं एकक) मिथेनमागे या क्रियेला २४७ किलोज्यूल उष्णता बाहेरून द्यावी लागते. ती मिथेन जाळूनच मिळवायची, तर एक मोल कार्बन डायऑक्साइड वापरताना कागदावरच सुमारे ०.३ मोल नव्याने तयार होतो. प्रत्यक्ष भट्टीत त्याहून जास्त. म्हणून आता भट्टीऐवजी विजेने नळ्या तापवण्याचे प्रयोग चालले आहेत. वीज कोळशाची असेल, तर हा हिशेब आणखी बिघडतो. आणि मिळालेल्या वायूंपासून इंधन केलं, तर ते जळताना सगळा कार्बन पुन्हा हवेत जातो.