आतून सडणारा पत्रा: जुन्या स्पोर्ट्स कारच्या गंजाची पार्श्वभूमी

ब्रिटिश एमजी कंपनीची एमजीए ही स्पोर्ट्स कार स्वतंत्र चासीवर, म्हणजे खालच्या वेगळ्या पोलादी चौकटीवर, बांधलेली होती. १९६२ मध्ये तिच्या जागी आलेल्या एमजीबीला वेगळी चासीच नव्हती. एकमेकांवर ठेवून स्पॉट वेल्डिंग केलेले, म्हणजे ठिकठिकाणी ठिपक्यांसारखे वितळवून जोडलेले, पत्रे हाच तिचा सांगाडा. आदल्या वर्षीच्या जॅग्वार ई-टाइपचा मधला भागही असाच बांधलेला. गाडी हलकी आणि ताठ करायला हा बदल योग्यच होता, पण त्याने गंजाचे गांभीर्य बदलले. पूर्वी अंगाचा पत्रा सडला तरी खालची चासी गाडी धरून ठेवायची. आता दाराखालची सिल, जी बाहेरून साधी पट्टी वाटते पण असते पोकळ पेटी, तीच भार पेलू लागली. उघड्या गाडीत तर छताचा आधारही नाही.

या पेट्यांच्या आत रंग पोहोचवणे अवघड होते. सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून विजेने कानाकोपऱ्यात थर चढवण्याची पद्धत १९६० च्या दशकात मोटार कारखान्यांत आली, आणि तिचे आजचे, अधिक टिकाऊ रूप १९७० च्या दशकात. त्याआधीच्या कितीतरी सिल आतून जवळजवळ उघड्याच राहिल्या. पत्र्यावर पत्रा येतो त्या फटीत पाणी ओढले जाते आणि सुकायचे नाव घेत नाही. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो सांधा आतून फाकवतो. दुसऱ्या महायुद्धानंतर थंड देशांत बर्फ हटवायला रस्त्यावर मीठ टाकण्याचे प्रमाण वाढले, आणि गंजाचा वेगही.

इथे ‘अंडरकोटिंग’ हा शब्द येतो, आणि या विषयातला सगळ्यात मोठा घोळ त्याच्याभोवतीच आहे. या एका नावाखाली किमान तीन वेगळ्या गोष्टी मोडतात. पहिली, कारखान्यातच सांध्यांवर आणि तळाला लावून भट्टीत पक्का केलेला पीव्हीसीचा थर. दुसरी, गाडी विकताना किंवा नंतर फवारलेले डांबरी किंवा रबरी काळे आवरण. तिसरी, मेणाचा थर. गाडीला अंडरकोटिंग केले आहे, असे विक्रेता सांगतो तेव्हा यातले नेमके कोणते, केव्हा आणि कशावर, हे विचारल्याशिवाय त्या वाक्याला काही किंमत नाही.

डांबरी थर ताजा असताना आणि स्वच्छ पत्र्यावर असताना उडणाऱ्या खड्यांपासून चांगले रक्षण करतो, हे मान्य करायला हवे. पण वर्षे गेली की तो कडक होतो, तडकतो, पत्र्यापासून सुटतो. मग तड्यांतून शिरलेले पाणी आतच कोंडते आणि बाहेरून तळ काळा, गुळगुळीत, निरोगी दिसत राहतो. मेण मऊ राहते, उन्हाळ्यात थोडे सरकून बारीक ओरखडे भरून काढते. मात्र ते धुपते आणि वेळोवेळी पुन्हा लावावे लागते.

जुना काळा थर खरवडावा की नाही, यावर जाणकारांत आजही दोन तट आहेत. एक बाजू म्हणते, घट्ट बसला असेल तर हात लावू नका, खरवडताना चांगला रंगही निघतो. माझे मत दुसरीकडे झुकते. त्याखाली काय आहे ते पाहिल्याशिवाय वर नवा थर चढवणे म्हणजे पू असलेल्या जखमेवर पट्टी बांधणे. निदान जॅक लावण्याच्या जागा, सस्पेन्शनच्या बैठका आणि सिलच्या कडा तरी मोकळ्या करून पाहाव्यातच.

एमजीबीच्या सिलने तपासणीची आणखी एक गोष्ट शिकवली. सडलेल्या सिलवर नवे कवच वेल्ड करून ठेवण्याचा स्वस्त मार्ग वर्षानुवर्षे वापरला गेला. बाहेरून सगळे नवे, आत भुसा. म्हणून फक्त बघून भागत नाही. चुंबक पकडत नसेल तिथे पुट्टी. कारखान्याचा रंग जाडीला साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) भरतो. जाडीमापक त्याच्या कितीतरी पट दाखवत असेल तर खाली दुरुस्ती आहे. ठोकल्यावर चांगला पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. जॅकवर उचलल्यावर दाराची फट बदलली तर सांगाडा हललाच म्हणून समजा. शेवटी रबरी बुच काढून आत कॅमेऱ्याची नळी घालावी. फायबरग्लासचे अंग पाहूनही निर्धास्त होऊ नये: लोटस एलानचा कणा पोलादीच आहे.

पोर्श ९११ चे अंग १९७६ च्या मॉडेलपासून जस्त चढवलेल्या पत्र्याचे झाले. लोखंडाआधी जस्त स्वतः झिजते, म्हणून ओरखडा पडला तरी गंज लगेच धरत नाही. पण वेल्डिंगच्या उष्णतेत हे जस्त उडून जाते, त्यामुळे अपघातानंतर जोडलेल्या गाड्यांत गंज नेमका जोडापासून सुरू होतो. १९८९ ची माझदा एमएक्स-५ ही आता जुन्या गाड्यांत गणली जाते. तिच्या कापडी छताचे पाणी वाहून नेणारी भोके पानाकचऱ्याने तुंबली की पाणी मागच्या चाकापुढच्या सिलमध्ये साचते. १९९८ च्या दुसऱ्या पिढीत पुढचे चासी-रेल, म्हणजे सांगाड्यातल्या लांब पोकळ तुळया, दुहेरी पत्र्यांच्या मधून सडतात, आणि खालून ते कळतही नाही. या गाडीत आधी भोके मोकळी करायची, आत पूर्ण कोरडे होऊ द्यायचे, मगच लांब नळीने पोकळीत मेण फवारायचे आणि ती भोके पुन्हा उघडी आहेत ना, ते तारेने तपासायचे.