जर पदेर आला, तर...

पुस्तकात खुणेला घातलेलं कदंब बसचं तिकीट जुलैत पान ११२ वर अडकलं, ते चवथीपर्यंत, म्हणजे गणेशचतुर्थीपर्यंत, तसूभर हललं नाही.

मी गोव्यात चोडण बेटावर राहतो, कामाला पणजीत जातो. रायबंदरच्या धक्क्यावर थांबायचं, फेरीबोट आली की चढायचं, मांडवी ओलांडायची. जुन्या फेरीच्या काळात यात वीस-पंचवीस मिनिटं सहज जात. लोक वैतागायचे, मी वाचायचो. १ जानेवारीला डायरीत ‘वर्षात चोवीस पुस्तकं’ असं लिहून ठेवलं होतं आणि जूनअखेर तेरा झाली होती. (त्यातली चार मुद्दाम बारकी निवडली होती, हेही सांगून टाकतो. आकडा समोर ठेवला की माणूस असले उद्योग करतो.) मग जुलै २०२५ मध्ये या मार्गावर रो-रो ही मोठी, वेगवान फेरी आली. धक्क्यावरचं ताटकळणं कमी झालं, नदी बघता बघता पार होऊ लागली. मी घरी लवकर पोचू लागलो, म्हणजे वाचायला वेळ वाढला. आणि वाचन बंद पडलं.

मी आळसावर खापर फोडलं, आईने मोबाइलवर. दोन्हींत थोडं तथ्य असेलही. पण सवयींचा अभ्यास करणारे पहिला प्रश्न वेगळा विचारतील: पूर्वी तुम्ही कुठे, कधी आणि कशानंतर वाचत होता?

अमेरिकेतल्या एमआयटीत अ‍ॅन ग्रेबिएल यांच्या प्रयोगशाळेत उंदरांना इंग्रजी ‘टी’च्या आकाराच्या बोळात पळवलं. ‘टिक्’ आवाज झाला की दार उघडायचं, उंदीर पळत जायचा, योग्य बाजूला वळला तर खाऊ मिळायचा. मेंदूच्या खोल भागात बेसल गँग्लिया नावाचा पेशींचा समूह आहे, त्यातल्या स्ट्रायाटममध्ये काय चाललंय ते संशोधक बघत होते. सुरुवातीला उंदीर धावत असेपर्यंत तिथल्या पेशी कामात असत. वाट सवयीची झाल्यावर त्या धावेच्या आरंभी आणि शेवटी जोरात जाग्या होत, मध्ये बऱ्याच शांत. मेंदूने सगळ्या धावेचं एक गाठोडं बांधलं होतं, आणि त्या गाठोड्याची गाठ सुटायची ती ‘टिक्’ आवाजाने.

माझा ‘टिक्’ म्हणजे धक्क्यावरची रांग. रांगेत उभा राहिलो की हात पिशवीत जायचा, पुस्तक उघडायचं. मी वाचायचं ठरवत होतो असं मला वाटे, खरं तर ठरवणारी रांग होती. रांग गेली, गाठ सोडणारं कुणी उरलं नाही.

मानसशास्त्रज्ञ वेंडी वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये अगदी याच धर्तीची गोष्ट दाखवली. एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात गेलेल्या विद्यार्थ्यांच्या तीन सवयींवर त्यांनी लक्ष ठेवलं: व्यायाम, टीव्ही आणि वर्तमानपत्र वाचणं. नव्या ठिकाणी भोवतालची परिस्थिती पहिल्यासारखीच राहिली तिथे सवय टिकली. ती बदलली तिथे सवयीची पकड सुटली, आणि पुढचं सगळं त्या वेळच्या इच्छेवर आलं. ऑफिसमधून आल्यावर संध्याकाळी सात वाजता माझी इच्छा काय असते, ते लिहिण्यासारखं नाही.

म्हणजे नवी खूणगाठ शोधणं आलं. इथे मला ‘एकवीस दिवस करा, सवय लागते’ हे वाक्य आठवलं, जे मी आयुष्यात किमान तीन शिबिरांत ऐकलंय. त्याचा उगम सांगतात तो मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकात. नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान एकवीस दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण. पुढे तोंडातोंडी ‘किमान’ गळून पडलं, चेहराही गळला, उरले एकवीस दिवस.

प्रत्यक्ष मोजणी केली ती लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली यांनी. ९६ जणांनी खाण्यापिण्यातली किंवा व्यायामाची एकेक नवी गोष्ट निवडली आणि रोजच्या एका ठरलेल्या प्रसंगाला ती बांधली, जसं की नाश्त्यानंतर. ८४ दिवस ते रोज नोंदवत गेले, की आज हे केलं का, आणि किती आपसूक झालं. सुरुवातीच्या दिवसांत आपसूकपणा भराभर चढतो, मग चढण मंदावते, शेवटी सपाटी येते. ही सपाटी गाठायला लागलेल्या दिवसांचा मध्य निघाला ६६. पण कुणाला १८ पुरले, कुणाला २५४ लागतील असं गणित आलं. (प्रयोग ८४ दिवसांचाच, त्यामुळे २५४ हा आकडा आलेख पुढे वाढवून काढलेला.) पाणी पिण्यासारख्या साध्या गोष्टी लवकर अंगवळणी पडल्या, व्यायामाला जास्त वेळ लागला. आणि मला सर्वांत आवडलेली गोष्ट: एखादा दिवस चुकला म्हणून चढणीवर फारसा परिणाम झाला नाही.

बांधायचं कसं, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी सांगितलं आहे. ‘मी रोज वाचेन’ असं म्हणू नका, ‘जर अमुक झालं, तर मी तमुक करेन’ असं म्हणा. २००६ मध्ये त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी अशा ९४ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा ध्येय गाठण्यावर या वाक्याचा मध्यम ते मोठा परिणाम दिसला. आपल्याकडे जर-तरला काडीची किंमत नाही. आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, म्हणून विषय संपवतो. पण त्या ‘जर’मध्ये न होणारी गोष्ट असते. इथल्या ‘जर’मध्ये हमखास होणारी गोष्ट घालायची, एवढाच फरक.

आमच्या वाड्यावर हमखास होणारी गोष्ट म्हणजे पदेर, दारोदार पाव विकणारा. सकाळी सव्वासहाला सायकलवरून येतो, मागे उंडे-पोळ्यांची (हे दोन्ही गोव्याचे पावच) टोपली, हातात रबरी भोंपू. ‘पों पों’ वाजलं की आई पिशवी पुढे करते आणि मी अंगणात. म्हणून वाक्य केलं: जर पदेर आला, तर पाव आत ठेवून चहाबरोबर चार पानं. चारच. पुस्तक पणजीत पाट्टोच्या सेंट्रल लायब्ररीतलं, परत करायची तारीख दोनदा वाढवून घेतलेलं. ते आदल्या रात्रीच चहाच्या डब्याशेजारी ठेवू लागलो आणि मोबाइल आतल्या खोलीत.

सुरुवात कधी करायची, याला मी चवथीनंतरचा मुहूर्त धरला. हेही अगदीच खुळचट नव्हे. हेंगचेन दाई, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं की आठवड्याची, महिन्याची, वर्षाची सुरुवात किंवा वाढदिवस अशा टप्प्यांनंतर लोक व्यायामशाळेत जास्त जातात, ‘डाएट’ जास्त शोधतात. मागचा कच्चा हिशेब मागच्या पानावर राहिल्यासारखा वाटतो. गोव्यात ‘चवथ झाली की बघू’ हे वाक्य टाळाटाळ म्हणून वापरतात. मी ते शब्दशः वापरलं.

पहिले दोन आठवडे पुस्तक उघडताना जीवावर यायचं. एकदा मुसळधार पावसात पदेर आलाच नाही, मीही वाचलं नाही. दुसऱ्या दिवशी ‘पों पों’ झालं आणि गाडी पुन्हा सुरू. तिकीट पान ११२ वरून निघून पुस्तकाबाहेर पडलं, दुसऱ्यात गेलं. चोवीस होणार नाहीत हे दिसत होतं. तो आकडा मी डायरीत खोडला.

तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं, म्हणजे साठेक दिवस झाले असतील. सकाळी भोंपू वाजला, मी उठलो, चहा ओतला आणि पुस्तक घेऊन बसलो. दोन पानं झाल्यावर आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, हातात रिकामी पिशवी.

‘‘अरे, पदेर गेला की! उंडे कुठेयत?’’

त्या दिवशी घरात सगळ्यांनी रात्रीची चपाती तव्यावर गरम करून खाल्ली.