वेश्याव्यवसाय व स्त्रियांचा अनैतिक व्यापार : भारतीय कायदे

लैंगिक शोषणासाठी होणारी माणसांची, विशेषतः स्त्रिया व मुलींची, खरेदी-विक्री रोखणारे व वेश्याव्यवसायावर निर्बंध घालणारे कायदे. त्यांत अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम, १९५६ हा प्रमुख होय. वेश्याव्यवसाय हा या अधिनियमान्वये स्वतःच गुन्हा नाही. त्याभोवतीची बहुतेक कृत्ये मात्र गुन्हा आहेत.

ब्रिटिश अमदानीतील पहिल्या कायद्यांचा रोख स्त्रियांच्या संरक्षणापेक्षा सैनिकांच्या आरोग्यावर होता. १८६८ च्या सांसर्गिक रोग अधिनियमाने वेश्यांची नोंदणी व वैद्यकीय तपासणी सक्तीची केली. तो १८८८ मध्ये रद्द झाला. मुंबई इलाख्यात १९२३ साली वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा झाला. मुंबईतील डंकन रोडवरील कुंटणखान्यात १९१७ मध्ये एका स्त्रीचा छळ करून खून झाला, त्या खटल्याशी या कायद्याचा उगम जोडला जातो. तथापि कुंटणखान्यांविरुद्ध सुधारकांची चळवळ आधीपासून चालू होती आणि स्त्रिया व बालकांच्या व्यापाराविषयीचा राष्ट्रसंघाचा करारही १९२१ चा आहे. त्यामुळे खटल्याला एकमेव कारण न मानता निमित्त मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

संविधानाच्या अनुच्छेद २३ ने माणसांच्या अपव्यापारास (शोषणासाठी होणाऱ्या खरेदी-विक्रीस) मनाई केली. ९ मे १९५० च्या न्यूयॉर्क येथील आंतरराष्ट्रीय करारास अनुसरून संसदेने १९५६ चा अधिनियम केला. त्याचे मूळ नाव ‘स्त्रिया व मुली अनैतिक व्यापार दमन अधिनियम’ असे होते. १९७८ व १९८६ मध्ये त्यात सुधारणा झाल्या. सध्याचे नाव दुसऱ्या सुधारणेने आले.

या दुसऱ्या सुधारणेतील व्याख्याबदल वादाचा विषय ठरला आहे. मूळ व्याख्येत स्त्रीने मोबदल्यासाठी शरीरसंबंधास देह देणे म्हणजे वेश्याव्यवसाय, असा अर्थ होता. १९८६ नंतर ‘व्यापारी हेतूने व्यक्तींचे लैंगिक शोषण किंवा गैरवापर’ अशी व्याख्या झाली व कायद्याच्या कक्षेत पुरुषही आले. नव्या व्याख्येनुसार वेश्याव्यवसाय हा मुळातच शोषण ठरतो, असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार शोषण सिद्ध व्हावे लागते. सज्ञान स्त्रीने स्वेच्छेने व एकटीने केलेला व्यवहार व्याख्येबाहेर राहतो. न्यायालयांचा अलीकडचा कल दुसऱ्या मताकडे दिसतो, आणि कलमांची रचनाही त्यालाच पूरक आहे : शिक्षा आहे ती कुंटणखाना चालवणे (कलम ३), दुसऱ्याच्या अशा कमाईवर जगणे (कलम ४), या धंद्यासाठी व्यक्ती मिळवणे वा नेणे (कलम ५) आणि डांबून ठेवणे (कलम ६) यांना. गिऱ्हाइकाचा स्पष्ट उल्लेख नसल्याने तो कलम ५ खाली येतो की नाही, यावर उच्च न्यायालयांत एकमत नाही.

प्रत्यक्षात कायद्याचा फटका स्त्रीलाही बसतो. दोघींनी परस्परांच्या लाभासाठी वापरलेली खोलीसुद्धा ‘कुंटणखाना’ ठरू शकते. कलम ४ मुळे कमावत्या आईवर अवलंबून असलेला सज्ञान मुलगाही अडचणीत येऊ शकतो. गिऱ्हाईक बोलावण्याच्या गुन्ह्यास (कलम ८) स्त्रीला पहिल्या खेपेस सहा महिन्यांपर्यंत, तर पुरुषाला सात दिवस ते तीन महिने शिक्षा आहे. कायद्याचे नाव पाहता ही तफावत विचित्रच म्हणावी लागेल. प्रार्थनास्थळे, शाळा, रुग्णालये इत्यादींपासून २०० मीटरच्या आत मनाई करणारे कलम ७ वस्त्या हटवण्यासाठीही वापरले जाते. नागपुरातील गंगा-जमुना या वेश्यावस्तीत २०२१ मध्ये त्याचा आधार घेण्यात आला. वेश्येला एखाद्या ठिकाणाहून हलवण्याचा दंडाधिकाऱ्याचा अधिकार (कलम २०) कानपूरच्या एका प्रकरणात अलाहाबाद उच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला होता; सर्वोच्च न्यायालयाने मात्र तो वैध मानला.

सुटका झालेल्या स्त्रीस कलम १७ खाली एक ते तीन वर्षे संरक्षणगृहात ठेवता येते. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये अशा तीन सज्ञान स्त्रियांना मुक्त करताना, त्यांना व्यवसाय निवडण्याचा हक्क असल्याचे व इच्छेविरुद्ध डांबता येणार नसल्याचे सांगितले. सांगली परिसरातील वेश्या अन्याय मुक्ती परिषद या देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या संघटनेने छापे टाकून सक्तीने होणाऱ्या ‘सुटके’ला सातत्याने विरोध केला आहे. उलट, बालकांच्या बाबतीत संमतीचा प्रश्नच उद्भवत नाही, हे सर्वमान्य आहे. देहविक्रय करणाऱ्यांच्या हक्कांविषयीच्या बुद्धदेव कर्मास्कर प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या १९ मे २०२२ च्या आदेशात, छाप्यात सापडलेल्या स्वेच्छेने देहविक्रय करणाऱ्यांना अटक करू नये, ही न्यायालयाने नेमलेल्या समितीची शिफारस नमूद आहे; तिच्या अंमलबजावणीचे निर्देश मात्र त्या आदेशात नाहीत.

अपव्यापाराची स्वतंत्र व व्यापक व्याख्या २०१३ च्या दुरुस्तीने भारतीय दंड संहितेत (कलम ३७०) आली. तत्पूर्वीच्या अध्यादेशातील व्याख्येत ‘वेश्याव्यवसाय’ हा शब्द होता, तो अधिनियमात वगळला गेला. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये आहे. गिऱ्हाइकास शिक्षा सुचवणारे व कलम ८ वगळणारे २००६ चे विधेयक, तसेच लोकसभेने संमत केलेले २०१८ चे मानवी अपव्यापारविषयक विधेयक, दोन्ही व्यपगत झाली, म्हणजे कायदा न होताच बाद झाली. देवदासी प्रथेसाठी महाराष्ट्रात वेगळा निर्मूलन अधिनियम आहे. गोव्यात बालकांच्या अपव्यापाराचा विचार २००३ च्या बाल अधिनियमात केला आहे.